मिठूला मीठ कशाला?

'मीठ-मिरची' हा शब्द आपण एका दमात म्हणतो. म्हणूनच की काय, आपल्या भागात पोपटालाही या दोन्ही वस्तू एका दमात खाऊ घालतात. सकाळी हिरवी मिरची, दुपारी भाजी लावलेला पोळीचा तुकडा आणि संध्याकाळी घरातली मंडळी चहासोबत जे खातील ते. पोहे, शेव, चिवडा, पापड, काहीही. पोपट कुरकुर वाजवत खातो, लहान पोरं टाळ्या पिटतात आणि घरचे कौतुकानं म्हणतात, "पाहा, कसा आवडीनं खाते!"

हॉस्टेलात पिंजरा नाही, पण प्रकार तोच. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलं की प्रत्येक खोलीत चिवड्याचा एक डबा असतो. पहिले आठ दिवस त्या डब्यावर दरोडे पडतात. महिनाभरानं तळाशी उरलेला, सादळलेला चिवडा गॅलरीच्या कठड्यावर जातो. साळुंक्या, चिमण्या, कबुतरं येतात आणि तो फस्त करतात. पुण्य लागलं आणि डबाही रिकामा झाला!

या विषयावर हॉस्टेलात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, "अबे, काही नाही होत. चिमूटभर मिठानं काय होते?" दुसरा पक्ष म्हणतो, "मीठ म्हणजे पक्ष्याला विष. एक दाणा पोटात गेला की खेळ खतम." मेसच्या टेबलावर हा वाद जेवण संपेपर्यंत चालतो आणि कुणीच हरत नाही. कारण दोन्ही पक्ष एकही आकडा न देता बोलतात. मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर आपले सर मार्क कापतात. मग 'मीठ चालतं की नाही' या प्रश्नाचं उत्तर आपण 'किती' हा शब्द न वापरता कसं काय देतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. मीठ हे पक्ष्याला विष नाही; थोडं सोडियम त्यालाही लागतंच. पण आपल्या ताटातलं, आपल्या जिभेच्या मापानं घातलेलं मीठ पक्ष्याला मुळीच देऊ नये. आणि मिठाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. तो आपण विचारतच नाही.

आधी मिरचीचं प्रकरण निकालात काढू. पोपट तिखट मिरची खातो आणि डोळ्यांतून टिपूसही काढत नाही. याचा अर्थ तो फार शूर आहे असा नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्यामुळे आपल्या तोंडात आग होते, कारण आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो आणि कॅप्सेसिन त्याला फसवतं. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांमध्येही हा ग्राहक असतो, पण त्याची घडण वेगळी असल्यामुळे कॅप्सेसिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे पोपटाच्या दृष्टीनं मिरची ही एक साधी बियांची भाजी आहे. मिरचीच्या झाडालाही हे सोयीचंच. बिया चावून टाकणारे प्राणी दूर राहतात आणि त्या दूरवर नेणारे पक्षी जवळ येतात.

आता गंमत अशी की, 'जो मिरची पचवतो त्याला मिठाचं काय' असा सरळ हिशोब आपण मांडतो. पण मिरचीचा प्रश्न तोंडात संपतो. मिठाचा प्रश्न तोंडाच्या पुढे, रक्तात आणि मूत्रपिंडात सुरू होतो. तिथे पोपट आपल्यापेक्षा शूर नाही, उलट कच्चा आहे.

दुसऱ्या पक्षालाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. सोडियमशिवाय कुठलाही पक्षी जगत नाही. मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंची हालचाल, शरीरातल्या पाण्याचा तोल, सगळं त्यावर चालतं. पेरू देशाच्या आग्नेय भागात तांबोपाता नदीच्या परिसरात मकाव जातीचे मोठे पोपट शेकडोंनी नदीकाठच्या दरडींवर येऊन माती खातात. अभ्यासकांनी तिथली माती तपासली तेव्हा दिसलं की, पक्षी ज्या थरातली माती निवडतात त्यात सोडियम जास्त आहे. आपल्याकडेही लोणा आलेल्या भिंतीवर चोच मारणारी कबुतरं तुम्ही पाहिली असतील. सिव्हिलवाल्यांना त्या लोण्याचं दुःख असतं, कबुतराला त्यात क्षार दिसतात.

कोंबड्यांच्या खाद्यातही मीठ मुद्दाम घालतात. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साधारण १५० मिलिग्रॅम सोडियम लागतं, असं अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९४ साली कुक्कुटखाद्याच्या पुस्तिकेत दिलेलं आहे. ती दिवसाला शंभरेक ग्रॅम खाद्य खाते असं धरलं तर खाद्यात सोडियम ०.१५ टक्के झालं. सोडियम अगदीच कमी पडलं तर कोंबड्या अंडी कमी देतात आणि एकमेकींची पिसं टोचायला लागतात. म्हणजे 'एक दाणा गेला की खेळ खतम' हे काही खरं नाही.

हा ०.१५ टक्क्याचा आकडा लक्षात ठेवा. आता चिवड्याचं किंवा शेवेचं पाकीट हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. दर १०० ग्रॅममागे सातशे, आठशे, हजार मिलिग्रॅम सोडियम असे आकडे तिथे नेहमी दिसतात. ८०० धरू. म्हणजे ०.८ टक्के. कोंबडीच्या खाद्याच्या पाचपटीहून जास्त! मीठ म्हणून मोजायचं तर, सोडियम क्लोराइडमध्ये वजनानं सुमारे ३९ टक्के सोडियम असतं. त्यामुळे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अंदाजे २ ग्रॅम मीठ. शंभर ग्रॅम चिवड्यात दोन ग्रॅम मीठ. आपल्याला ते 'बरोबर' लागतं, आणि घोळ इथेच आहे.

कंठवाला पोपट, ज्याला आपण मिठू म्हणतो, त्याचं वजन साधारण १२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बऱ्याच मोबाईलपेक्षा कमी. तो दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम कोरडं अन्न खातो असं समजू. कोंबडीचा टक्का त्याला जसाच्या तसा लागू करणं बरोबर नाही. तो काही रोज अंडी देत नाही, त्यामुळे त्याची गरज त्याहून कमीच असावी. तरी अंदाजापुरता तोच टक्का घेतला तर दिवसभराचं सोडियम होतं वीसेक मिलिग्रॅम. आणि पाच ग्रॅम चिवड्यात, म्हणजे एका लहान चमच्यात, आहे ४० मिलिग्रॅम. दिवसभराच्या दुप्पट एका चमच्यात! दुकानातून आणलेले 'लव्हबर्ड्स', जे बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियन बजरीगर असतात, ते तर तीस-चाळीस ग्रॅमचेच. त्यांच्या बाबतीत चमचा सोडाच, दोन बोटांची चिमूटही मोठी.

इथे कुणी हुशार म्हणेल, "लहान प्राण्याचं सगळंच लहान, मग मिठाचं प्रमाण वजनाच्या हिशोबानं का काढत नाहीस?" प्रश्न चांगला आहे. लहान शरीर वजनाच्या मानानं जास्त खातं. आपण साठ-सत्तर किलोचे, आणि दिवसाला आपल्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कोरडं अन्न खातो. पोपट दहा टक्के खातो. म्हणूनच नुसत्या वजनाच्या गुणोत्तरानं काढलेलं उत्तर चुकतं, आणि म्हणूनच मी वर अन्नातल्या टक्केवारीची तुलना केली. पण याचीच दुसरी बाजू पाहा. जो प्राणी वजनाच्या दहा टक्के अन्न रोज खातो, त्याला खारट अन्नाचा फटकाही तितकाच जास्त बसतो.

आता मूत्रपिंड. आपण जास्त मीठ खाल्लं की मूत्रपिंड दाट लघवी करून ते बाहेर टाकतं. माणसाची लघवी रक्ताच्या साधारण चौपट दाट होऊ शकते. बहुतेक पक्ष्यांना दुप्पट-तिपटीच्या पुढे जाता येत नाही, कारण त्यांच्या मूत्रपिंडातल्या पुष्कळशा नलिका सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या साध्या असतात. नायट्रोजनचा कचरा ते युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. त्यात पाणी फार वाचतं, पण मीठ बाहेर काढण्यासाठी त्याचा तसा उपयोग होत नाही.

थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला झोपणाऱ्यालाही हे गणित कळेल. जितकं मीठ आत आलं तितकं बाहेर गेलं पाहिजे. बाहेर जाणारं मीठ म्हणजे लघवीची दाटी गुणिले लघवीचं प्रमाण. दाटीला वरची मर्यादा आहे, ती वाढत नाही. मग उरलं काय? प्रमाण. म्हणजे पाणी. जास्त मीठ खाल्लेल्या पक्ष्यानं जास्त पाणी प्यायलंच पाहिजे. पाणी मिळालं तर तो बऱ्याच अंशी निभावून नेतो. नाही मिळालं तर रक्तातलं सोडियम चढतं, पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पहिला मार बसतो मेंदूला.

काही पक्ष्यांना निसर्गानं यासाठी वेगळं यंत्र दिलं आहे. डोळ्यांच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या रक्तातलं मीठ गाळून समुद्राच्या पाण्याहून खारट असा द्रव तयार करतात आणि तो नाकपुड्यांतून ठिबकतो. १९५० च्या दशकात क्नूट श्मिट-निल्सन या शास्त्रज्ञानं समुद्रपक्ष्यांमध्ये हे काम उलगडून दाखवलं. समुद्रावरचे कुरव पक्षी, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, यांच्याकडे ही सोय आहे. म्हणून ठाण्याच्या खाडीत, जिथे २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, हजारो रोहित खाऱ्या चिखलात चोच बुडवून मजेत राहतात. आपल्या पाण्याच्या टाकीशेजारी आर.ओ. लावलेला असतो ना, तसा त्यांचा डोक्यातच बसवलेला आहे. पोपट, कबूतर, चिमणी, साळुंकी आणि कोंबडी यांच्याकडे असा चालू कारखाना नाही. तेव्हा "पक्षी समुद्रावर राहतात की" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. कोणता पक्षी, ते आधी सांगा.

एक आक्षेप मात्र सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. "आमच्या आजीकडे वीस वर्षं पोपट होता. रोज आमच्या ताटातलं खायचा. काही झालं नाही." असे पोपट असतीलही, पोपट चांगले दीर्घायुषी असतात. पण या पुराव्यात एक खोट आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वॉल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं ती दाखवून दिली होती. लढाईहून परत आलेल्या विमानांना जिथे गोळ्या लागल्या तिथे पत्रा जाड करायचा, हा ओघानंच येणारा विचार. वॉल्डचं म्हणणं उलटं होतं. ज्या भागात गोळी लागूनही विमान परत आलं तो भाग तितका नाजूक नाही. जी विमानं परतलीच नाहीत त्यांचा विचार करा. तसंच इथे. वीस वर्षं जगलेल्या एका पोपटाची गोष्ट घराघरांत सांगितली जाते. दीड वर्षात गेलेल्या चार पोपटांचं कारण "दृष्ट लागली", "उन्हाळा बाधला" किंवा "मांजरानं घाबरवलं" एवढ्यात मिटतं आणि महिन्याभरात पिंजऱ्यात नवा मिठू येतो. तो मेला कशानं, हे कुणी तपासत नाही.

पण म्हणून प्रत्येक मेलेल्या पक्ष्याचं खापर मिठावर फोडायचं का? तेही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात हजारो स्थलांतरित पक्षी मरून पडले. खाऱ्या पाण्याचं सरोवर, त्यामुळे पाण्यातला क्षार वाढला हाही एक संशय तेव्हा व्यक्त झाला. पण बरेली इथल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषानं होणारा लकवा. बाधेची लक्षणं वरून सारखी दिसू शकतात. मीठ जास्त झालेला पक्षी सारखा पाणी पितो, विष्ठा पातळ पाण्यासारखी होते, तो मलूल होतो, तोल जातो, थरथरतो, झटके येतात. पण तोल जाणं आणि थरथरणं हे राणीखेतमध्येही होतं आणि शिशाच्या विषबाधेतही. तेव्हा लक्षणं दिसली तर इंटरनेटवरून आणि शेजारच्या काकूंकडून निदान करत बसू नये. खारट खाणं लगेच काढावं, साधं स्वच्छ पाणी थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळानं समोर ठेवावं आणि पशुवैद्यकाकडे न्यावं. घाईघाईनं चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय चढलेलं सोडियम एकदम उतरलं तर मेंदूला सूज येते.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. मामा तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या, नवेगावबांधसारखा जुना मोठा तलाव. आपल्या जिल्ह्याची शान असलेला सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो. मोकळा पक्षी काय खायचं, किती खायचं आणि कुठल्या बोडीवर पाणी प्यायचं हे स्वतः ठरवतो. एखाद दिवशी खारट काही खाल्लंच तर उडून पाण्यावर जातो. त्याच्या मूत्रपिंडातली कमतरता त्याचे पंख भरून काढतात. पिंजऱ्यात घातला की हे पंखच बाद झाले. मग त्याच्या पुढ्यात एक छोटी वाटी असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, ओसरीत लू शिरते, आणि ती वाटी दुपारपर्यंत कोरडी होते किंवा त्यात विष्ठा पडते. घरातली मंडळी कूलरसमोर झोपलेली असतात.

पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकत तो तोंडातल्या ओलाव्याची वाफ करतो आणि अंग थंड ठेवतो. म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे असलेल्या तेवढ्याशा पाण्यावर दोन कामं पडतात. शरीर थंड ठेवणं आणि मीठ बाहेर काढणं. डिसेंबरात जो चिवडा निभावून जातो तोच मे महिन्यात कोरड्या वाटीशेजारी जीव घेऊ शकतो. म्हणून 'किती मीठ चालतं' याला एका आकड्यात उत्तर नाही. ते पाण्यावर, हवेवर आणि पक्ष्याच्या मोकळेपणावर ठरतं.

यातच एक सूचना. काही जण दयाबुद्धीनं पक्ष्यांच्या भांड्यात लिंबू-साखर-मीठ घालून ठेवतात, माणसाला सरबत देतात तसं. हे करू नका. अन्नातलं मीठ पक्षी पाणी पिऊन धुऊ शकतो. पाण्यातच मीठ असेल तर जितकी तहान लागेल तितकं मीठ आत जाणार आणि तितकी तहान वाढणार. इलेक्ट्रॉनिक्सवाले याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतील. भांड्यात साधं पाणी, बस. सैंधव किंवा काळं मीठ 'नैसर्गिक' म्हणून चालेल, असाही समज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मूत्रपिंड पाकिटावरचं नाव वाचत नाही.

मग खायला काय द्यायचं? याचं उत्तर गोंदियाच्या माणसानं दुसऱ्याला विचारावं हे नवलच. तांदळाच्या गिरण्यांचं हे शहर. कणकी इथे मुबलक मिळते. धान, कणकी, बाजरी, राळा, मीठ न घातलेला शिजलेला भात, भिजवलेले हरभरे, पेरू, गाजर, पालेभाजी, आणि हो, पोपटासाठी मिरचीसुद्धा. यातलं काही खारट नाही आणि काही महागही नाही. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पाळीव पक्ष्याला क्षार कमी पडू नयेत म्हणून पशुवैद्यकाला विचारून पक्ष्यांचं तयार खाद्य किंवा क्षारांची वडी द्यावी. चिवडा हा त्यावरचा उपाय नाही. समुद्रफेस पिंजऱ्यात लावतात तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटसाठी, मिठासाठी नव्हे. क्वार्टर्समध्ये ज्या कर्मचारी मंडळींकडे गावरान कोंबड्या आहेत त्यांनाही विनंती: मेसमधलं उरलेलं द्यायचं तर भात-पोळी द्या, लोणचं, पापड, फरसाण आणि खारट रस्सा वेगळा काढा. लोणच्याची एक फोड तुम्हाला जेवणाची चव देते, पिल्लाला ती फार होते.

आता थोडं कडू बोलतो. मिठाचा एवढा हिशोब मांडला, पण त्यातल्या मिठूला पिंजऱ्यात ठेवण्याचा हक्कच आपल्याला नाही. कंठवाला पोपट आणि त्याचे भारतीय भाऊबंद यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. हे पुष्कळांना माहीतच नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते "सगळेच ठेवतात" म्हणून सोडून देतात. बजरीगर परदेशी जातीचा, त्याची गोष्ट वेगळी. पण जो पोपट घरात ठेवणंच बेकायदा आहे, तो आजारी पडला तर लोक त्याला दवाखान्यात न्यायला बिचकतात. घरगुती इलाज करतात, आणि तो मरतो. म्हणजे कायदा मोडण्याची किंमतही पुन्हा पक्षीच मोजतो.

ज्यांच्या घरी असा पोपट वर्षानुवर्षं आहे त्यांनी त्याला उद्या सकाळी खिडकीतून उडवून देऊ नये. उडायची आणि चारा शोधायची सवय मोडलेला पक्षी संध्याकाळपर्यंत कावळ्या-मांजरांच्या तावडीत सापडतो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवावं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा जखमी आणि सोडवलेल्या वन्यजीवांवर उपचार होतात. आणि जे आता पोपट घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी तो विचारच सोडावा. कॉलेजच्या आवारातल्या झाडांवर संध्याकाळी पोपटांचे थवे फुकट दिसतात, आणि त्यांना चिवडा लागत नाही.

मला ठाऊक आहे, हे सगळं ऐकून काही जणांना वाटेल की पक्ष्याला दोन घास द्यायचे, त्यातही एवढं गणित? आपल्या संस्कारात मीठ म्हणजे जिव्हाळा. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. पाहुण्याला अळणी वाढलं तर यजमानाची मान खाली जाते. म्हणून पक्ष्यालाही आपण 'चांगलं, चवीचं' द्यायला जातो. त्या भावनेला माझा मुळीच विरोध नाही. पण पोपटाच्या तोंडात चव घेणाऱ्या कळ्या काही शेकडाच असतात, आपल्या काही हजार. ती 'चव' मुख्यतः आपल्या मनात असते. त्याला कुरकुरीत चावायला आवडतं, आपल्या हातून मिळालेलं आवडतं. ते कणकीनं आणि पेरूच्या फोडीनंही होतं. समोरच्याला काय पचतं हे पाहून वाढणं, हाच पाहुणचार. मधुमेहाच्या पाहुण्याला आपण आग्रहानं जिलबी वाढतो का?

तेव्हा हॉस्टेलच्या मित्रांपुढे आणि रेक्टर सरांपुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. एक, गॅलरीत चिवडा, शेव, वेफर्स, फरसाण टाकणं बंद. सादळलेला चिवडा कचऱ्याच्या डब्यात टाकल्यानं पाप लागत नाही. दोन, मार्चपासून पाऊस पडेपर्यंत प्रत्येक मजल्यावर सावलीत एक पसरट मातीचं भांडं, रोज सकाळी धुऊन साध्या पाण्यानं भरलेलं. पाळ्या लावाव्यात, व्हायव्हाच्या दिवशीही पाळी चुकवू नये, कारण पक्ष्यांना आपलं वेळापत्रक माहीत नसतं. तीन, ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा नवेगावबांधच्या जंगलात कित्येक वर्षं काढलेल्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली सर गेले. हा सप्ताह नेमका दिवाळीच्या आगेमागे येतो, म्हणजे चिवड्याचे डबे हॉस्टेलात दाखल होण्याच्या सुमारास. त्या आठवड्यात पोस्टर स्पर्धेपेक्षा नोटीस बोर्डावर एवढंच लागलं तरी पुष्कळ झालं: 'पक्ष्यांना पाणी द्या, मीठ नको.'

पहिल्या पक्षाला उत्तर: चिमूटभरानं बरंच काही होतं, जर पक्षी मुठीएवढा असेल आणि वाटी कोरडी असेल. दुसऱ्या पक्षाला उत्तर: मीठ विष नाही, आपला हात सैल आहे. वाद संपला असेल तर उठा, कुणाची पाळी आहे ते पाहा आणि भांडं भरा. साळुंक्या आल्यासुद्धा असतील.